गळतीचं पद

बीडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या शहादेव तांदळे सरांना उभ्या आयुष्यात कोणी ठासून बोलताना ऐकलं नव्हतं. फळ्यावर समीकरण लिहून झालं की ते मागे वळत आणि वर्गालाच विचारत, "बरोबर आहे ना?" समोरच्या बाकावरच्या एखाद्या पोरानं उगाच भुवया उंचावल्या तरी सर डस्टर उचलत. पोरांना याचा शोध लागला आणि मग सरांच्या तासाला कितीतरी चांगली समीकरणं विनाकारण पुसली गेली. त्या वर्गात एकच मुलगी होती जी खालून ओरडायची, "सर, पुसू नका, बरोबर आहे!" ती योगिता.

योगिता आता पुण्याला पीएच.डी. करत होती आणि अडलं की सरांनाच फोन करायची. सरांना याचं नवल वाटे. आपल्याकडून हिला काय मिळत असेल, ही केवळ जुन्या ओळखीला जागत असेल, असं ते बायकोला म्हणत. सिंधुबाई म्हणायच्या, "मग तिला सांगा ना, दुसरा मास्तर बघ म्हणून." तेही सरांकडून होत नसे.

योगिताचं काम सांगायला सोपं होतं, करायला अवघड. संगणकातला प्रोसेसर वीज खातो, पण तो कुठल्या कामाला किती खातो हे ऑपरेटिंग सिस्टीमला दिसत नाही. तिथं मीटर बसवलेला नसतो. मग अंदाज बांधावा लागतो. इतका वेग असेल तर इतकी वीज, इतकं काम असेल तर इतकी. असा अंदाज बांधून देणारं गणित म्हणजे मॉडेल. ऑपरेटिंग सिस्टीम त्या मॉडेलवर विसंबून ठरवते की कोणतं काम आत्ता करायचं, कोणतं मागे ठेवायचं, कोणतं प्रोसेसरच्या सावकाश चालणाऱ्या, कमी खाणाऱ्या भागावर टाकायचं आणि कोणतं झपाट्यानं काम उरकणाऱ्या खादाड भागावर. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या संगणकाला याचं फारसं काही नसतं. बॅटरीवर चालणाऱ्याला मात्र हेच सगळं असतं.

योगिताचे संगणक मेंढवाड्यावर बसायचे होते. बीडला दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणाऱ्या सतीशनं पत्र्याचे डबे बनवले होते. आत छोटा संगणक आणि बॅटरी, तोंडाशी कॅमेरा, बाजूला भोंगा. डबा खांबाला बांधायचा, खांबाच्या टोकाला सोलरची पाटी. रात्रभर डबा मेंढवाड्यावर नजर ठेवणार आणि लांडगा दिसला की भोंगा वाजवणार. दिवसा त्याला आणखी एक जड काम असे. रात्री काढलेले फोटो आणि आवाज पुन्हा चाळून गावातलं कुत्रं कोणतं, कोल्हा कोणता आणि लांडगा कोणता, हे तो स्वतःशी घोकून पक्कं करी. हे घोकणं दिवसाच्या कोणत्या वेळी करायचं, ते मॉडेल बघून ठरायचं. ते चुकलं तर बॅटरी रात्रीला पुरायची नाही, आणि डबा नेमका पहाटे झोपायचा. लांडगा पहाटेच येतो.

या मॉडेलमध्ये सरांचा वाटा एका पदाचा, म्हणजे गणितातल्या एका तुकड्याचा. प्रोसेसर नुसता बसून असला तरी त्यातून थोडी वीज गळत राहते, आणि तो तापला की ही गळती वाढते. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात बसलेला प्रोसेसर किती तापेल, आणि मग किती वीज गळेल, हे बाहेरच्या हवेच्या तापमानावरून काढायचं समीकरण सरांनी मांडलं होतं. स्वस्तातल्या त्या बोर्डवरचा आतला तापमापक भरवशाचा नव्हता, म्हणून हा वळसा. योगिता त्याला 'सरांचं पद' म्हणायची. सर 'गळतीचं पद' म्हणायचे.

पहिला डबा पालीला बसला. गावाच्या वरच्या अंगाला, बिंदुसरेच्या धरणापासून जरा लांब, सुग्रीव नावाच्या मेंढपाळाचा वाडा होता. तिथं त्याच्या मेंढरांवर लांडग्यानं एकदा हात मारला होता. डब्यात खरोखर किती वीज जाते ते मोजायला फक्त या एकाच डब्यात मीटर घातला होता. दर आठवड्याला पहिल्या एस.टी.नं पालीला जायचं, मेमरी कार्ड बदलायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हे काम सरांनी आपणहून घेतलं. सकाळी तिथं कोणी फारसं बोलायला नसे, हेही एक कारण.

मे महिन्यात योगिताचा फोन आला. "सर, सकाळ-संध्याकाळ आपला अंदाज आणि मीटर छान जुळतायत. पण दुपारी आपण म्हणतो त्यापेक्षा फारच कमी वीज जातेय. ऊन असून."

"म्हणजे माझं पद चुकलं," सर तात्काळ म्हणाले.

"असं लगेच नका म्हणू. पुस्तकात तर हेच आहे."

"पुस्तकं लिहिणारे पालीला थोडेच आले होते?"

त्या दिवशी सरांनी योगिताला आणि सतीशला मिळून एक लांबलचक ईमेल लिहिली. त्यात माफी मागायलाच पहिले दोन परिच्छेद गेले. मग आपण तापण्याचा अंदाज अवास्तव धरला असावा, वयोमानानुसार आकडेमोडीत गफलत झाली असावी, तरी हे पद काढून टाकावं, असं सुचवलं. योगितानं एकदा नको म्हटलं, दोनदा म्हटलं, पण आकडेही सरांच्याच बाजूनं, म्हणजे सरांच्या विरोधात बोलत होते. तिनं पद काढलं. नवा प्रोग्रॅम पालीच्या डब्यात गेला आणि डबा रात्रभर व्यवस्थित जागा राहिला. सतीशनं तोच प्रोग्रॅम बाकीच्या डब्यांत भरायला घेतला. पाटोद्याच्या बाजाराच्या दिवशी डोंगरातले मेंढपाळ खाली उतरतात, त्या दिवशी ते डबे त्यांच्या हाती द्यायचे ठरले. त्या डब्यांत मीटर नव्हते.

चूक मान्य करून टाकल्यावर सरांना हलकं वाटायला हवं होतं. आजवर वाटत आलं होतं. या वेळी वाटेना. नेमकं कुठं चुकलो ते कळावं म्हणून डब्यानं दिवसाही अधूनमधून काढलेले, कार्डावरचे दुपारचे फोटो ते लॅपटॉपवर उघडून बसले. जवळजवळ प्रत्येक फोटोत वरच्या कडेला एक तपकिरी, केसाळ पट्टा दिसत होता. तो त्यांनी आधीही पाहिला होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, तेव्हा हा पट्टा आपल्या डोळ्यातलाच आहे असं समजून त्यांनी तो सोडून दिला होता.

सिंधुबाई लसूण सोलत बाजूला बसल्या होत्या. सरांनी चाचरत विचारलं, "तुला या इथं काही दिसतंय का? का माझ्याच डोळ्यात आहे?"

सिंधुबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "पोत्याच्या दशा लोंबतायत की. कुणाच्या घराचा फोटो हाय?"

"घराचा नाही. डब्यानं काढलेला."

"मग डब्याच्या डोक्यावर पोतं हाय," असं म्हणून त्या पुन्हा लसणाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सर भर दुपारी पालीला उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टोपी, टोपीवर उपरणं आणि वर छत्री, अशा थाटात ते चढण चढून वाड्यावर पोचले. मेंढरं चरायला गेलेली होती. मागे राहिलेली कोकरं लिंबाखाली दाटीवाटीनं बसली होती आणि सुग्रीवची आई जानकीबाई रांजणाला गुंडाळलेल्या पोत्यावर तांब्यानं पाणी शिंपत होती. रांजण झाला, तशी ती खांबापाशी गेली. डब्यावरही एक पोतं होतं. कॅमेऱ्यापुरती जागा सोडून नीट घडी घालून टाकलेलं, वरून सुतळीनं बांधलेलं. तिनं उरलेला तांब्या त्याच्यावर रिकामा केला.

 जानकीबाईनं वळून पाहिलं आणि ती दचकली.

"अगं बया! मास्तर, तुमी या वक्ताला?"

"जानकीबाई, हे... हे रोज करता?"

"काय?"

"हे पोतं."

जानकीबाईनं तांब्या पदराखाली घेतला, जणू तोच पुरावा होता. "म्या हात लावला न्हाई डब्याला. त्या सतीशनं सांगितलंय, हात लावायचा न्हाई, बिगडला तर तुमी जबाबदार. म्या नुसतं पोतं टाकते. पोत्याला हात लावला, डब्याला न्हाई."

"पण कशाला?"

"तापतोय की वो! डबा बसवला तवाच कोकरू घासलं त्याला तर चटका बसून ओरडलं. आता फुटला-बिटला तर कुणावर येईल? सुग्रीव तर दिवसभर रानात. माज्यावरच येईल. रांजणाला टाकते तसं ह्यालाबी टाकलं. दिवस मावळायला लागला की काढून ठेवते, न्हाईतर कोकरं चघळून खात्यात."

"मग मला सकाळी कधी दिसलं नाही ते..."

"सकाळी कावून टाकीन? सकाळी तापतंय व्हय?"

सर लिंबाखाली दगडावर टेकले. दुपारी ऊन वाढतं, पोतं पडतं, डबा गार होतो, गळती घटते, मीटर कमी दाखवतो. सकाळ-संध्याकाळ पोतं नसतं, तेव्हा आकडे जुळतात. सगळं जागच्या जागी बसत होतं. त्यांनी उठून डबा निरखला. पत्र्याच्या सांध्याला खालून गंज धरला होता आणि भोंग्याच्या एका तारेवर हिरवट पूड जमली होती. आणखी एखादा महिना पाणी मुरतं तर डबा कायमचाच गार झाला असता.

म्हणजे पद चुकलं नव्हतं. हे वाक्य सरांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं.

पण मग पाटोद्याचे डबे? तिथं कोण पोतं टाकणार? तिथले डबे उघड्या डोंगरावर तापणार, त्यांना ते तापल्याचं कळणारही नाही, कारण कळायचं पदच आपण काढायला लावलं. दुपारी सोलर जोरात आहे असं बघून ते सगळं घोकणं दुपारीच खादाड भागावर लावणार, आणि बॅटरी भरली असं समजत रात्रीला सामोरे जाणार.

त्यांनी तिथूनच सतीशला फोन लावला. सतीश कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करत होता, मागून घरघर ऐकू येत होती.

"सतीश, माझं पद बरोबर होतं बहुतेक. म्हणजे, असावं. डब्यावर ओलं पोतं होतं."

"काय होतं?"

"पोतं. ओलं. जानकीबाई टाकायच्या."

"ती म्हातारी माझा डबा घालवणार बघा! सांगितलं होतं हात लावू नका म्हणून."

"हात नाही लावला त्यांनी. ते असू दे. प्रोग्रॅममध्ये पद परत घालावं लागेल असं मला वाटतं. तू डबे देऊ नकोस."

घरघर थांबली. "सर, राग मानू नका. आधी म्हणालात घाला, मग म्हणालात काढा, एवढी मोठी ईमेल लिहिलीत, माझ्या मोबाईलवर ती खाली सरकवता सरकवता अंगठा दुखला. आता म्हणता घाला. उद्या काय म्हणाल? बाजार तोंडावर आलाय, लोकांना निरोप गेलेत. आणि डबा तर रात्रभर चालतोय ना?"

"पोत्यामुळे चालतोय."

"तुमची खात्री आहे?"

 खात्री हा शब्द सरांना फार मोठा वाटे.

"बघा," सतीश म्हणाला आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

पुढचा फोन योगिताला. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती आधी हसली. "सर, माझं मन म्हणतं तुम्ही बरोबर आहात. पण मी एकदा मन बाजूला ठेवून आकड्यांचं ऐकलंय, आता आकडे बाजूला ठेवून मनाचं ऐकलं तर माझे गाइड मला दारात उभं करणार नाहीत. आणि सतीशलाही काहीतरी दाखवावं लागेल. काय करता येईल?"

सरांना उत्तर माहीत होतं. ते फोन लावायच्या आधीपासूनच माहीत होतं आणि तेच त्यांना नको होतं.

"आज पोतं काढायचं," ते म्हणाले. "डब्यात आत्ता आहे तोच प्रोग्रॅम राहू द्यायचा, पदाशिवायचा. माझं गणित म्हणतं, उजाडायच्या आत डबा बंद पडेल. आत्ताचं मॉडेल म्हणतं, पडणार नाही. दोघांतलं एक खोटं ठरेल."

"मग करू या ना."

"पण योगिता, डबा बंद पडला तर मेंढरांवर कोणाची नजर नाही. परीक्षा आपली आणि मेंढरं त्यांची."

"सर, तुम्ही त्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर नाही. पण हो म्हणाले आणि डबा बंद पडला, तर मी सगळे डबे थांबवते. माझा शब्द."

सुग्रीव मेंढरं घेऊन परतला तेव्हा सूर्य कलला होता. चाळिशीतला उंच, सावकाश बोलणारा माणूस. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. गळती सांगितली, पद सांगितलं, पोतं सांगितलं. सुग्रीव काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. जानकीबाई चुलीपुढून कान देऊन होती.

"म्हंजी," सुग्रीव शेवटी म्हणाला, "डबा बंद पडला पायजे, तवा तुमी बरुबर. आन बंद पडला तर लांडग्याला रान मोकळं."

"असंच आहे."

"तुमाला काय वाटतं, पडंल?"

"पडेल. म्हणजे, पडावा. गणितानं तरी."

"ह्यो डबा आला तसं आमी निवांत झोपाया लागलो बगा. कुत्रं बी म्हातारं झालं, त्येला ऐकू न्हाई येत. आता पुन्ना जागायचं म्हनता?"

"तुम्ही झोपा," सर म्हणाले. "मी बसतो पहाटेला."

चुलीपुढून जानकीबाई हसली. "मास्तर, तुमी लांडग्याला काय करनार? इंग्रजी शिकवनार?"

"मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो," सर ओशाळून म्हणाले, आणि सुग्रीवलाही हसू आवरलं नाही. पण त्यानं मान हलवली. डोंगरातल्या डब्यांचं सांगितल्यापासून त्याचा चेहरा बदलला होता. पाटोद्याकडं त्याचा मेव्हणा सटवा मेंढरं राखत होता आणि सटवाच्या नावचाही एक डबा त्या बाजारी जायचा होता.

"दोन दिस ठेवतो पोतं काढून," तो म्हणाला. "आज निसता अर्धा दिस झाला. उद्या पुरं ऊन लागू द्या. परवाच्या पहाटं बगू."

सरांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. आज दुपारी पोतं होतं, तेव्हा आज रात्री काहीच सिद्ध होणार नव्हतं. आपण अजूनही साध्या गोष्टी विसरतो, असं त्यांनी मनात नोंदवलं आणि सिंधुबाईंना मुक्कामाचा निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं, "गोळ्या घेतल्यात का?" घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बीडला जाऊन गोळ्या, चादर आणि टॉर्च घेऊन परत आले.

तो पुरा दिवस डबा उन्हात राहिला. जानकीबाई दुपारी तांब्या घेऊन दोनदा खांबापाशी गेली आणि दोनदा सरांकडं बघून परतली. "कसं बघवतं तुमाला," ती म्हणाली. सरांनी डब्याला बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं.

पहाटे सुग्रीवनं त्यांना हलवून उठवलं आणि स्वतः घोंगडी ओढून मेंढरांच्या पलीकडच्या अंगाला पडला. म्हणाला, जागाच हाय. थोड्या वेळानं घोरायला लागला. सर बाजेवर बसले. समोर खांबावर डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. दिवा चालू म्हणजे डबा जागा.

त्यांना वाटलं होतं आपण तो दिवा विझायची वाट बघू. प्रत्यक्षात त्यांना कळेना आपण कशाची वाट बघतोय. तो विझला तर आपलं खरं होतं, पाटोद्याचे डबे थांबतात, सटवाची मेंढरं वाचतात. आणि तो विझला तर ही समोर एकमेकांच्या अंगात डोकी खुपसून झोपलेली मेंढरं उघडी पडतात. धरणाच्या बाजूनं गार वारं यायला लागलं. पूर्वेकडं आभाळ राखाडी झालं. दिवा चालूच.

सर मनातल्या मनात ईमेल लिहायला लागले. प्रिय योगिता, तुला दिलेल्या त्रासाबद्दल. सतीशलाही एक लिहावी लागेल, जरा आखूड. माणसानं एकदा चुकावं, पण चुकीबद्दलही चुकावं म्हणजे काय. पूर्वेला तांबूस रेघ उमटली. जानकीबाई उठली आणि तिनं चुलीत काटक्या सारल्या. दिवा चालूच. सर उठले, चादर झटकून घडी घालायला लागले.

घडी घालून वर पाहिलं तेव्हा दिवा नव्हता.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. डबा काळाठिक्कर. ते "जानकीबाई" असं हळूच म्हणाले. तेवढ्यात मेंढरांत एक हालचाल झाली. कोणी ओरडलं नाही, नुसती सगळी एका बाजूला सरकली, पाणी कलावं तशी. वाड्याच्या जाळीपलीकडे बाभळीच्या बुंध्याशी काहीतरी उभं होतं. लांब पायांचं, खाली मान घातलेलं. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही.

तांदळे सर ओरडले.

काय ओरडले ते त्यांनाही नंतर आठवेना. जानकीबाईनं पुढं सगळ्या पालीला सांगितलं की मास्तर "ए! चालता हो! वर्गाबाहेर हो!" असं म्हणाले. तेवढं सरांना मान्य नव्हतं. पण आवाज मोठा होता, खरोखर मोठा. कोकरं धडपडून उठली, म्हातारं कुत्रं कशावर भुंकायचं हे न कळताच भुंकायला लागलं, आणि सुग्रीव घोंगडी फेकून काठी घेऊन जाळीवरून पलीकडे गेला. बाभळीखालचं ते जे काही होतं ते फार घाई न करता उताराला लागलं आणि दिसेनासं झालं.

सुग्रीव परत आला, मेंढरांवरून हात फिरवत मोजून गेला. सगळी होती.

"लांडगा होता का?" सरांनी विचारलं. 

"तुमी पायलं न्हवं?"

"पाहिलं. पण कुत्रंही असेल."

"कुत्रं असं जात न्हाई," सुग्रीव म्हणाला. मग बाभळीकडं बघत, "असंल बी. पाऊलं बगू उजाडल्यावर." जमीन कडक होती. पाऊल उमटलं नव्हतं.

जानकीबाईनं चहाचा पेला सरांच्या हातात दिला, तो डुचमळून अर्धा सांडला. तिनं दुसरा भरला. "घसा बसला की वो तुमचा," ती म्हणाली. "वर्गात असंच वरडायचा व्हय?"

सरांनी मान हलवून नाही म्हटलं.

ऊन पडल्यावर त्यांनी योगिताला फोन केला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला. "सर? पडला का बंद?"

"पडला. उजाडायच्या आत. आणि काहीतरी आलंही होतं."

"मेंढरं?"

"सगळी आहेत."

तिनं श्वास सोडलेला ऐकू आला. "मी पद परत घालते. आणि डब्यांवर सावलीला दुसरा पत्रा लावायला सांगते, मध्ये हवा खेळायला जागा ठेवून. बाजाराला डबे जाणार नाहीत. पण सर, सतीशला तुम्ही सांगा. माझ्याशी तो वाद घालतो."

"माझ्याशीही घालतो."

"तरी तुम्हीच सांगा."

मीटरचं कार्ड खिशात घालून सर निघाले तेव्हा जानकीबाई रांजणापाशी होती. "मास्तर, आता टाकू का पोतं? तुमचं झालं न्हवं?"

"नका टाकू," सर म्हणाले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, पण घसा बसल्यामुळे तो जाड झाला होता. "तारा गंजल्यात. सतीश येईल, नवा प्रोग्रॅम घालेल, वर पत्र्याची सावली करून देईल. तोवर पाणी घालू नका, पहाटेला मात्र जागत राहा."

"आन तापला तर?"

"तापू द्या. त्याला आता कळेल तो तापलाय ते."

जानकीबाईला हे पटलेलं दिसलं नाही. तिनं पोतं घडी करून रांजणाखाली सरकवलं, जवळ, हाताशी असेल असं.

एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभ्या उभ्या सरांनी सतीशला निरोप लिहायला घेतला. फोन केला असता तर त्यानं पुन्हा तेच विचारलं असतं. त्यांनी लिहिलं, "पदाशिवायचा डबा पोतं काढल्यावर पहाटे बंद पडला. पद बहुतेक बरोबर आहे. डबे देऊ नकोस." वाचून पाहिलं. एका दिवसाच्या परीक्षेनं काय सिद्ध होतं, बॅटरीच जुनी असेल तर, त्या रात्री भोंग्याच्या गंजलेल्या तारेनं वीज खाल्ली असेल तर, असे तीन-चार प्रश्न एकदम उभे राहिले. कार्डावरचे आकडे घरी जाऊन नीट बघायला हवे होतेच. पण कालची पुरी दुपार त्यांनी डब्याशेजारी काढली होती. त्या बोटाला अजून हुळहुळत होतं.

त्यांनी 'बहुतेक' खोडलं आणि निरोप पाठवला.

सतीशचं उत्तर बस गावाबाहेर पडली तेव्हा आलं. "उद्या बदलणार नाही ना सर?"

बाजूला बसलेली बाई मांडीवरचं टोपलं सावरत त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावत होती. सरांनी मोबाईल जरा तिरका केला.

"नाही," त्यांनी लिहिलं. मग तिकिटासाठी सुटे पैसे शोधायला लागले, कारण कंडक्टर येऊन उभा होता आणि मघापासून काहीतरी विचारत होता.